पायाखाली एकच बटण : मिडी स्विचिंगची पहिली जुळणी

फोंड्याकडच्या जत्रांमध्ये गाण्याच्या कार्यक्रमाला गिटार घेऊन बसणारा माणूस एका रात्रीत किती कामं करतो ते मोजून बघा. अभंगाला नायलॉन तारांची गिटार, भावगीताला स्वच्छ आवाजाची इलेक्ट्रिक, मध्येच कोंकणी गाणं आलं की मँडोलिन आणि शेवटी पोरांच्या फर्माईशीला जोरकस लीड. प्रत्येक वेळी आवाज बदलणारी दोन पेडलं बंद करायची, दोन चालू करायची, केबल एका वाद्यातून काढून दुसऱ्यात घालायची. निवेदक दोन वाक्यं बोलतो तेवढ्यात हे सगळं उरकायचं असतं. बहुतेक वेळा उरकत नाही. गायिकेने आलाप सुरू केलेला असतो आणि आपण अजून खाली वाकून जॅक शोधत असतो.

माझी अशी बरीच वर्षं गेली. मग एका बटणात पेडलं आत-बाहेर करणारा लूप स्विचर आणि यंत्रांना हुकूम पोचवणारी मिडी शिकलो आणि वाजवण्याकडे लक्ष द्यायला लागलो. आता आमच्याकडची नवी मुलं हे विचारायला येतात, तेव्हा त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

आवाजाची वाट आणि हुकमाची वाट

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. तिच्यातून फक्त आकडे जातात. ‘अमुक चॅनेलवरच्या यंत्राने तमुक नंबरचा प्रीसेट, म्हणजे आधी साठवलेली मांडणी, लावावा’ एवढाच तो निरोप असतो. गिटारचा आवाज आपल्या नेहमीच्या जॅकच्या केबलमधूनच फिरतो. म्हणजे तुमच्या बोर्डावर दोन वाटा असतात : एक आवाजाची, एक हुकमाची. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो या दोन्ही एकदम जुळवायला गेल्यामुळे. आधी आवाजाची वाट हाताने चालवून बघायची, ती निर्दोष वाजली की मगच हुकमाच्या वाटेला हात लावायचा. माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येक ‘मिडीच्या’ बिघाडाचं मूळ शेवटी एखाद्या पॅच केबलमध्ये सापडलं आहे.

मिडी आली १९८३ साली. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलँड या दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून वाजवून दाखवले होते. हे ज्यांनी घडवून आणलं त्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. तेव्हाचा पाच पिनांचा गोल जॅक आणि त्यावरून जाणारी आकड्यांची भाषा आजही तशीच चालते, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचं रॅकमधलं यंत्र आणि या वर्षी घेतलेलं पेडल एकमेकांना समजून घेतात.

तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. आजच्या मानाने हळू वाटेल, पण आपल्या कामाला तो भरपूर आहे. प्रीसेट बदलण्याचा एक निरोप एक मिलिसेकंदही घेत नाही. दहा निरोप एकापाठोपाठ सोडले तरी दहा मिलिसेकंदांच्या आत पोचतात. तबल्याच्या दोन बोलांमध्ये याहून कितीतरी जास्त जागा असते.

पहिली पायरी : कागद आणि पेन्सिल

दुकानात जाण्याआधी एका कागदावर तुमची वाद्यं, पेडलं, अँप आणि मिक्सरकडे जाणारे डीआय (वाद्याचा आवाज मिक्सरला चालेल असा करून देणारी छोटी खोकी) मांडा. दुसऱ्या कागदावर तुम्हाला कार्यक्रमात खरोखर लागणारे आवाज लिहा. पेडलं बारा असली तरी आवाज पाच-सहाच निघतात. माझ्या कागदावर पाच निघाले : नायलॉन, मँडोलिन, स्वच्छ इलेक्ट्रिक, कोरस लावलेली इलेक्ट्रिक आणि लीड. प्रत्येकासमोर कुठलं वाद्य, कुठली पेडलं चालू, आवाज शेवटी अँपला जाणार की डीआयमधून मिक्सरला, एवढं लिहा. हा कागद म्हणजेच तुमचे प्रीसेट. पुढचं सगळं काम त्यावरून उतरवून घ्यायचं आहे.

काय घ्यायचं

लूप स्विचर म्हणजे जॅकांच्या जोड्या असलेलं खोकं. प्रत्येक जोडीत एक सेंड, एक रिटर्न. सेंडमधून आवाज पेडलमध्ये जातो, रिटर्नमधून परत येतो. आत रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, असतात. प्रीसेटप्रमाणे ते पेडलला वाटेत घेतात किंवा बाजूला काढतात. पेडलं कायम चालूच ठेवायची, त्यांच्या बटणांना पाय लावायचाच नाही. ही कल्पना लोकप्रिय व्हायला १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या बॉब ब्रॅडशॉ यांनी मोठ्या वादकांसाठी बांधलेल्या यंत्रणा कारण झाल्या. तेव्हा त्याला कपाटाएवढी रॅक लागत असे.

आज दोन पर्याय आहेत. पहिला, बटणं आणि लूप एकाच खोक्यात, उदाहरणार्थ बॉसचा ईएस-८, ज्यात आठ लूप आहेत आणि दुसऱ्या यंत्रांना हुकूम देण्यासाठी मिडीही आहे. दुसरा, लूपचं खोकं मागे आणि पायाखाली फक्त मिडी कंट्रोलर, जसे सिंगापूरच्या मॉर्निंगस्टारचे मिळतात. नवख्याने पहिलाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. केबल कमी, बिघाडाच्या जागा कमी. दुसरा पर्याय मोठ्या मंचावर बरा, जिथे पेडलं अँपजवळ ठेवून गायकाच्या शेजारी फक्त कंट्रोलर न्यायचा असतो. मिडीची केबल १५ मीटरपर्यंत नेता येते, तेवढी गिटारची केबल नेली तर आवाजातला उजळपणा जातो.

विकत घेताना मिडीचा जॅक नीट बघा. जुनी यंत्रं पाच पिनांची असतात. नव्या छोट्या पेडलांवर हेडफोनसारखा साडेतीन मिलिमीटरचा जॅक असतो आणि त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. दोन्हींत फरक एवढाच की जॅकच्या टोकाच्या (टिप) आणि मधल्या कड्याच्या (रिंग) तारा उलट्या. २०१८ मध्ये ए प्रकार अधिकृत ठरला, पण बाजारात बी अजून आहेत. चुकीचा अडॅप्टर लावला तर काही जळत नाही, फक्त काहीच होत नाही, आणि माणूस दोन दिवस सेटिंग शोधत बसतो. यूएसबी असलेलं प्रत्येक पेडलही थेट कंट्रोलरला जोडता येत नाही. बऱ्याच पेडलांचं यूएसबी फक्त कॉम्प्युटरसाठी असतं.

दुसरी पायरी : आवाजाची वाट

आठ लूपचा स्विचर धरून माझी मांडणी सांगतो. मुख्य इनपुटला इलेक्ट्रिक गिटार. लूप १ आणि २ वाद्यांसाठी, ते पुढे सांगतो. लूप ३ मध्ये कंप्रेसर (आवाजाची पातळी सारखी ठेवणारा), ४ मध्ये हलका ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका, जोरकस करणारा), ५ मध्ये जास्त गेनवाला, ६ मध्ये कोरस (एका वाद्याची अनेक वाटावीत असा), ७ मध्ये मिडीवाला डिले (आवाजाची आवर्तनं देणारा), ८ डीआयकडे जाण्यासाठी.

डिलेचा लूप मी सगळ्या प्रीसेटमध्ये चालूच ठेवतो. रिलेने डिले बाजूला काढला की त्याची उरलेली आवर्तनं तिथेच तुटतात, आणि गाण्याचा शेवट चिरल्यासारखा होतो. पेडल वाटेत ठेवून त्यालाच मिडीने ‘बायपास हो’ सांगितलं तर आधीचा निनाद हळूहळू विरतो. त्यासाठी त्या पेडलमध्ये सोय असावी लागते, मॅन्युअलमध्ये तिला टेल्स किंवा ट्रेल्स म्हणतात.

ही जोडणी करताना एकेक लूप जोडा आणि प्रत्येकानंतर वाजवून बघा. लूप बंद आणि चालू, दोन्ही. आठही जोडून मग ऐकलं तर कुठली पॅच केबल नादुरुस्त हे कळणार नाही. पेडल वाटेत आल्यावर आवाज अचानक मोठा किंवा बारीक झाला, तर पेडलच्याच लेव्हल नॉबने तो बरोबर करा.

बफरबद्दल थोडक्यात : लांब केबलांमुळे गिटारचा वरचा सूर दबतो, म्हणून स्विचरच्या सुरुवातीला बफर, म्हणजे लांब केबलमध्येही आवाज टिकवून धरणारं सर्किट, चालू ठेवणं चांगलं. अपवाद जुन्या पद्धतीच्या फझचा, म्हणजे खरखरीत आवाजाच्या पेडलचा. त्याला थेट गिटारच हवी असते, बफर मध्ये आला की तो कर्कश होतो.

वीज हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण आमच्याकडे तो टाळता येत नाही. जत्रेत जनरेटर, आजूबाजूला रोषणाईच्या माळा, त्यात प्रत्येक पेडल एकाच अडॅप्टरच्या साखळीवर असलं की गुरगुर येणारच. प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला, म्हणजे आयसोलेटेड, पॉवर सप्लाय घ्या. बहुतेक पेडलं ९ व्होल्टची, मधली पिन निगेटिव्ह. डिजिटल डिलेला ३०० मिलिअँपिअरपर्यंत लागू शकतात. त्याचं आउटपुट तेवढं देतं का ते आधी वाचा.

तिसरी पायरी : तीन वाद्यं, एकच वाट

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर एक जादा खोकं विकत घ्यावं लागलं नसतं. लूपच्या सेंडमध्ये काहीच न लावता फक्त रिटर्नमध्ये नायलॉन गिटार लावा. लूप बंद असताना मुख्य इनपुटची इलेक्ट्रिक पुढे जाते. लूप चालू केला की इलेक्ट्रिकचा आवाज रिकाम्या सेंडमध्ये जाऊन थांबतो आणि रिटर्नमधून नायलॉन आत येते. म्हणजे लूप हाच वाद्य निवडायचा स्विच झाला. लूप २ च्या रिटर्नमध्ये तसंच मँडोलिन लावायचं. दोन्ही वाद्यं कायम जोडलेली, केबल काढायची गरज नाही.

यात एक काळजी. स्विचरचा बफर सहसा मुख्य इनपुटवर असतो, रिटर्नवर नसतो. नायलॉन गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअँप, म्हणजे पिकअपचा बारीक आवाज आधीच वाढवणारं सर्किट, असतो, म्हणून तिला अडचण नाही. पण मँडोलिनला चिकटवलेल्या साध्या पिएझो पिकअपला प्रीअँप नसतो, तो सरळ रिटर्नमध्ये घातला तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. त्याच्यासाठी मध्ये छोटा प्रीअँप लावा, इनपुट इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध, मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो) निदान १ मेगाओहम असलेला.

आता वाटेचं दुसरं टोक. नायलॉन आणि मँडोलिनला गिटारचा अँप शोभत नाही, त्यांचा आवाज डीआयमधून मिक्सरलाच जायला हवा. त्यासाठी लूप ८ च्या सेंडला डीआय जोडा. रिटर्नमध्ये एक मोकळा जॅक घाला, त्याच्या आत टिप आणि स्लीव्ह (जॅकचा मागचा, ग्राउंडचा भाग) तारेच्या तुकड्याने जोडून टाका. लूप ८ चालू झाला की आवाज डीआयकडे वळतो, आणि अँपचं इनपुट त्या जोडलेल्या जॅकमुळे ग्राउंड होऊन शांत बसतं. लूप बंद केला की आवाज पुन्हा अँपकडे. बंद असताना डीआयमधून गुरगुर येत असेल, तर तुमच्या स्विचरमध्ये रिकामा सेंड ग्राउंड होत नाही असं समजा. मग या टोकाला मिडीवर चालणारं वेगळं ए-बी खोकं लावणं बरं.

म्हणजे ‘नायलॉन’ या एका बटणाने लूप १ चालू, २ ते ६ बंद, ८ चालू आणि डिले बायपास. पहिल्यांदा हे नीट चाललं तेव्हा मी घरी बसून अर्धा तास नुसतं बटण दाबत होतो.

चौथी पायरी : अँप

अँपला दोन चॅनेल असतील तर फूटस्विचच्या जॅकमध्ये स्विचरचं कंट्रोल आउटपुट जोडता येतं. आधी मॅन्युअलमध्ये बघा की अँपला संपर्क धरून ठेवणारा स्विच लागतो की क्षणभर दाबून सोडणारा. पहिल्याला लॅचिंग आणि दुसऱ्याला मोमेंटरी म्हणतात. उलट सेटिंग झालं तर एकाआड एक वेळी चॅनेल बरोबर लागतं, आणि दोष कुठे आहे ते लवकर लक्षात येत नाही.

दोन अँप एकत्र वाजवायचे असतील तर ग्राउंड लूपची, म्हणजे दोघांच्या अर्थच्या तारांचं वेटोळं झाल्याची, गुरगुर येते. तिच्यावर उपाय म्हणजे एका अँपकडे जाणाऱ्या आवाजाच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. विजेच्या प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो कधीही ऐकू नका. पावसाळ्यात ओल्या जमिनीवरच्या मांडवात, हातात धातूच्या तारा आणि ओठांजवळ माइक असताना ती पिनच तुमचा जीव राखते. तसंच अँप ते स्पीकर ही केबल लूप स्विचरमधून कधीच न्यायची नाही. व्हॉल्व्हचा अँप स्पीकर तुटलेल्या अवस्थेत वाजला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

चार केबलची पद्धत, म्हणजे डिले आणि रिव्हर्ब (घुमारा देणारं पेडल) अँपच्या मागच्या इफेक्ट लूप नावाच्या सेंड-रिटर्नमध्ये नेणं, ही छान आहे, पण पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका. वरच्या मांडणीत तर डिले अँपच्या आत गेला की नायलॉनला मिळणारच नाही.

पाचवी पायरी : आता हुकूम

स्विचरच्या मिडी आउटमधून डिलेच्या मिडी इनमध्ये केबल. आणखी मिडी पेडल असेल तर डिलेच्या थ्रूमधून त्याच्या इनमध्ये. थ्रू म्हणजे आलेला निरोप जसाच्या तसा पुढे देणारा जॅक. अशी तीन यंत्रांपर्यंतची साखळी निर्धास्त चालते, त्याहून जास्त असतील तर एकच निरोप अनेकांना वाटणारा थ्रू बॉक्स घ्यावा.

मिडीला १६ चॅनेल आहेत. पोस्टमन घरनंबर बघून पत्र टाकतो, तसं प्रत्येक यंत्र फक्त आपल्या चॅनेलचे निरोप उचलतं. डिलेला २ द्या, पुढच्या पेडलला ३. पेडल ‘ओम्नी’वर असेल तर ते सगळ्यांचेच निरोप उचलेल, म्हणून ओम्नी बंद करा.

निरोपांचे दोनच प्रकार सध्या पुरे. प्रोग्राम चेंज म्हणजे ‘हा प्रीसेट लाव’. कंट्रोल चेंज म्हणजे ‘हा एक नॉब किंवा स्विच इथे आण’. डिलेचा बायपास बहुतेक वेळा कंट्रोल चेंजने होतो. त्याचा नंबर प्रत्येक पेडलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा असतो. किंमत ० ते १२७, साधारणपणे ० म्हणजे बंद, १२७ म्हणजे चालू.

एक फसवी जागा : मिडीत प्रोग्रामचे आकडे ० ते १२७ असतात, पण काही कंपन्या पडद्यावर १ ते १२८ दाखवतात. स्विचरवर ४ लिहिलं आणि डिलेवर ५ लागला, तर यंत्र बिघडलेलं नाही, मोजणी वेगळी आहे. मला हे एका देवळाच्या प्रांगणात कळलं. लीडच्या जागी लांबलचक घुमणारा डिले उघडला आणि अख्खं कडवं चिखल झालं. गायकाने सांभाळून नेलं, पण मला ती रात्र अजून टोचते. तेव्हापासून दोन्ही यंत्रांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून बोर्डाच्या मागे चिकटवतो.

आता पहिल्या कागदावरचे पाच आवाज एकेक करून लिहा, आणि प्रत्येकानंतर सेव्ह करा. बऱ्याच स्विचरमध्ये सेव्ह न करता दुसरा प्रीसेट लावला की आधीचं काम पुसलं जातं. बटणांचा क्रम गाण्यांच्या क्रमाने न लावता आवाजांच्या क्रमाने लावा. आमच्याकडे कार्यक्रमाची यादी मंचावर चढल्यावरही बदलते.

समुद्राची हवा

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये एक हंगाम वाजवलात की जॅक काळे पडतात. रिले बंद डबीत असल्यामुळे टिकतात, जॅक मात्र उघडे असतात. दर दोन महिन्यांनी कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून प्रत्येक जॅक दहा वेळा आत-बाहेर करा. जून ते सप्टेंबर बोर्ड बंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पणजीच्या कला अकादमीसारख्या थंड सभागृहातून बाहेर दमट हवेत आलं की थंड धातूवर दव धरतं. बाहेर लगेच दुसरा कार्यक्रम असेल तर अर्धा तास थांबून मगच वीज लावा. बोर्डासाठी फोंड्याच्या सुताराकडून मरीन प्लायची फळी करून घेतली, ती पाच पावसाळे टिकली आहे. साधी प्लाय दुसऱ्याच वर्षी फुगली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी

घरी हळू आवाजात जुळवलेला लीड मंचावर अनेकदा दबतो आणि स्वच्छ आवाज टोचतो. म्हणून साउंडचेकला पाचही प्रीसेट पूर्ण आवाजात, तबला-हार्मोनियम वाजत असताना ऐका आणि लेव्हल तिथेच बदलून सेव्ह करा. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, त्यामुळे साउंडचेकला वेळ थोडाच मिळतो. साउंडवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा की डीआय आणि अँपचा माइक हे दोन चॅनेल एकाच माणसाचे आहेत आणि एका वेळी एकच वाजेल. नाहीतर नायलॉन वाजताना अँप गप्प दिसला की ते गेन चढवत बसतात, आणि पुढचा लीड लोकांच्या कानांवर आदळतो.

पेटीत एक लांब केबल नेहमी वेगळी गुंडाळून ठेवा. मध्येच सगळं बंद पडलं तर गिटार थेट अँपमध्ये आणि नायलॉन थेट डीआयमध्ये लावून गाणं चालू ठेवता येतं. ही अदलाबदल घरी अंधारात दोनदा करून बघा, म्हणजे हाताला जॅक कुठे आहे ते माहीत असतं.